आधी पोतं, मग चावी

धाडच्या स्टँडवरून बुलढाण्याकडे निघालं की वस्ती संपता संपता नजीरचं गॅरेज लागतं. त्या गॅरेजात, वेल्डिंगच्या मशीनपासून जरा आत, निळी प्लास्टिकची खुर्ची होती. त्या हिवाळ्यात ती इंद्रभानची झाली. सकाळचा चहा झाला की तो जुनी चामड्याची बॅग खांद्याला लावून घरून निघे, खुर्चीत बसे, बॅग मांडीवर घेई आणि समोर चाललेल्या कामावर नजर लावी. कुणी नमस्कार केला तर मान हलवी. नजर मात्र हलत नसे.

इंद्रभान एसटीत तिकीट तपासनीस होता. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्याला चेकरच म्हणायचं. आडवाटेच्या एखाद्या थांब्यावर, जिथे कुणाला अपेक्षा नसे तिथे, तो गाडीत चढायचा. आधी कंडक्टरचा चेहरा बघायचा आणि मग तिकिटं. संशय आला की म्हणायचा, "बॅग उलटी करा." एवढंच. आवाज चढवायचा नाही. कंडक्टर आपली चामड्याची बॅग सीटवर उलटी करायचा आणि साऱ्या गाडीची मान त्या सीटकडे वळायची.

नोकरी सुटली, नजर सुटली नाही. दूधवाल्याचं दूध तो बोटावर घेऊन उन्हात धरायचा. बाजारात वांगी घेतली तर घरी येऊन पिशवीतली पुन्हा मोजायचा. पाहुणा आला की तो कोणत्या गाडीने आला, ती गाडी किती वाजता सुटते आणि मग इतका उशीर कसा, हे विचारल्याशिवाय त्याला पाणी पुढे करवत नसे. गीताबाई, त्याची बायको, आता रागवायचीही नाही.

"देवानं दर्शन देल्लं तरी तुमी त्याले तिकीट मागसान," ती म्हणायची.

पिवळी गाडी आली ती दिवाळीनंतर, एका सपाट ट्रकवर साखळदंडाने बांधून. दोन दारांची, बुटकी, जमिनीला पोट टेकवून बसणारी गाडी. मागून पाहिली तर कालच शोरूममधून काढल्यासारखी आणि पुढून पाहिली तर कुणीतरी मुठीत धरून चुरगाळल्यासारखी. बॉनेट काचेपर्यंत आलेलं. डावं चाक आत घुसलेलं. इंद्रभानच्या मुलाने, पुण्यात नोकरीला असलेल्या हरिओमने, ती तिथे विमा कंपनीच्या लिलावात घेतली होती. इंजिनाचा ब्लॉकच फुटला होता, म्हणून दुसरं इंजिन बसवायचं, पुढचा सांगाडा ओढून सरळ करायचा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, असा त्याचा बेत होता. पुण्यात हे काम कुणी अंगावर घेईना. नजीरने घेतलं. आरटीओतलं इंजिनबदलाचं प्रकरण हरिओम स्वतः बघणार होता.

ट्रकवरून गाडी उतरवली तेव्हा बघ्यांची गर्दी होती. गर्दी पांगल्यावर इंद्रभान गाडीत वाकला. त्याने कप्पे उघडले, पायपुसणी उचलली, सीटखाली हात घातला. हाताला काहीतरी लागलं. केसांना लावायचा क्लच होता तो, कासवाच्या पाठीच्या रंगाचा. त्यात दोन-तीन लांब केस अडकले होते.

त्याने तो कुणाला दाखवला नाही. रुमालात गुंडाळला आणि बॅगेत टाकला.

रात्री जेवताना त्याने गाडीसोबत आलेल्या हरिओमला विचारलं, अपघातात गाडीत कोण होतं. हरिओम म्हणाला, ते कसं माहीत असणार, पण कुणाला फार लागलं नव्हतं असं लिलावाच्या यार्डातले लोक सांगत होते. कुणी सांगितलं? यार्डवाल्याने. त्याचं नाव? हरिओमने ताटातला हात थांबवला आणि आईकडे पाहिलं. गीताबाईने भाकरी वाढली. विषय तिथेच मिटला. इंद्रभानच्या मनात मात्र तो क्लच राहिला. इतकी चुरगाळलेली गाडी आणि कुणाला लागलं नाही? पोरगं खोटं बोलतं आहे, किंवा कुणीतरी त्याच्याशी खोटं बोललं आहे.

दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत जाऊन बसला.

आधी लोकांना वाटलं, आणि त्याने स्वतःलाही तसंच सांगितलं, की तो नजीरवर लक्ष ठेवायला बसतो. मेकॅनिक चांगला पार्ट काढतो आणि घासलेला बसवतो, हे त्याला पटलेलं होतं. नजीरला अशा नजरा नव्या नव्हत्या. त्याचा बाप स्टँडवरच्या काळ्या-पिवळ्या जीपा दुरुस्त करायचा तेव्हापासून गॅरेजात एक पद्धत होती. गाडी आली की तिच्या नावाचं एक पोतं खिळ्याला टांगायचं. गाडीतून जे काढलं ते त्या पोत्यात: फुटकं बेअरिंग, तुटका नट, जळालेली वायर, सगळं. गाडी तयार झाली की मालकाने आधी पोतं सोडायचं, जमिनीवर ओतायचं, बघायचं. त्याचं समाधान झालं की मगच नजीर चावी देई. आधी पोतं, मग चावी. एवढ्या एका गोष्टीवर जाफराबादपासूनच्या जीपा त्याच्याकडे येत.

"बसा, भाऊ," नजीर पहिल्याच दिवशी म्हणाला. "पाहून राह्यलं कोनी की माहा हात सुदा चालते."

तो हसून म्हणाला, म्हणून इंद्रभानला त्यातही काही असावं असं वाटलं.

काम चालू झालं. साखळीने जुनं इंजिन वर उचललं तेव्हा ब्लॉकच्या कडेची चीर दिसली, जुन्या रांजणाला जाते तशी. नजीरच्या धाकट्या भावाने, अकरमने, पुढचा सांगाडा जमिनीत गाडलेल्या खांबांना बांधून थोडा थोडा ओढला. रोज जरासा ओढायचा, कोपऱ्याकोपऱ्यांतून दोरी धरून माप घ्यायचं, पुन्हा ओढायचा. मग मुंबईच्या भंगार बाजारातून दुसरं इंजिन आलं. त्याच कंपनीचं, पण एका मोठ्या घरगुती गाडीतलं, वर्षानुवर्षं पळालेलं, तेलाने काळं झालेलं. ते नव्या जागी जसंच्या तसं कुठे बसणार? नजीरने आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, इंजिनाखाली धरले, पुन्हा कापले. पुठ्ठा नीट बसला तेव्हा तसाच लोखंडाचा पाय कापला. रेडिएटर पुढे सरकवला. वायरिंगचा गुंता भिंतीवर खिळे ठोकून त्यावर पसरला आणि एकेक वायर बोटाने चाचपत गेला.

इंद्रभान सगळं बघत होता. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की आपण नजीरच्या हातांकडे कमी आणि गाडीकडे जास्त बघतो आहोत. दर दिवसाला ती थोडी सरळ होत होती. चुरगाळलेलं नाक वर येत होतं, दिव्यांचे डोळे बसत होते. आणि तिच्यातलं प्रेत उठून बसतं आहे असं त्याला वाटत होतं.

नोकरीत असताना एकदा राजूर घाटात एक जीप उलटली होती आणि तपासणीची गाडी घेऊन तोच आधी तिथे पोचला होता. कोण कुठला हे कळावं म्हणून त्याने खाली पडलेल्यांचे खिसे चाचपले होते. एका तरुण पोराच्या खिशात कंगवा होता, बाकी काही नव्हतं. हे त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं.

हरिओम सुट्टीला आला की गॅरेजात मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. सुटा केलेला प्रत्येक पार्ट वेगळा ठेवून त्याचा फोटो काढायचा. एका रविवारी तो फोनवर मित्राला सांगत होता की गाडी तयार झाली की बीबी गावाजवळून समृद्धी महामार्गावर चढवायची, सकाळी रस्ता मोकळा असतो, आणि मग बघू ती किती जाते. तो हसत होता. मागे, खुर्चीत, इंद्रभान बॅगेचा पट्टा धरून बसला होता.

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. पोरगं एकच. त्याच्याशी बोलावं तर कसं? त्यांच्या घरात बाप बोलायला लागला की ती तपासणी व्हायची, आणि मुलगा उत्तरं देऊन मोकळा व्हायचा. गीताबाईला त्याने सांगून पाहिलं. तीही घाबरली, पण म्हणाली, माझं ऐकेल असं वाटतं का तुम्हाला.

मग त्याने नजीरलाच विचारलं. अकरम बाहेर गेला होता.

"नजीर, हे गाडी सुरूच नाई झाली तं?"

नजीर चिंधीला हात पुसत राहिला. "नाई झाली तं माहं नाव जाईन, भाऊ."

"नाव तं मी सांभाळीन."

"पोराशी बोला न तुमी," नजीर म्हणाला. "इंजिनाले काऊन मधात घेता?"

एवढं बोलून तो पुन्हा खाली वाकला. पण त्यानंतर दोन-तीनदा इंद्रभानला वाटलं की नजीर कामातून मान वर करून आपल्याकडे बघतो आहे. खुर्चीतल्या माणसावर कुणी नजर ठेवावी हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

काम संपत आलं तशी एका गुरुवारी नजीरने दोन्ही इंजिनांतले क्रँक सेन्सर काढून बाकड्यावर कापड पसरून त्यावर शेजारी शेजारी ठेवले. अंगठ्याएवढे काळे तुकडे, आकाराने सारखेच. कोणता चांगला चालतो ते त्याला बघायचं होतं. इंद्रभानने विचारलं, हे काय. नजीर कौतुकाने सांगायला लागला. इंजिन कुठवर फिरलं ते कॉम्प्युटरला यानेच कळतं. हा नसला तर इतकं मोठं इंजिन आंधळं. स्टार्टर मारत बसा, पेटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. दुपारी नजीर आणि अकरम हात धुऊन, टोप्या घालून निघाले. शटर उघडंच होतं. खुर्चीत जो बसला असेल त्याच्यावर गॅरेज टाकून जायचं, ही त्यांची नेहमीची रीत.

"भाऊ, तुमी हायेच," नजीर म्हणाला. "ध्यान ठेवजा."

ते वळणाआड गेले. रस्त्यावरून कपाशीचा एक ट्रॅक्टर गेला. इंद्रभान उठला. कापडावर दोन सेन्सर होते, एक तेलकट, मळलेला आणि एक चकचकीत. नव्या इंजिनाचा कोणता, याचा विचार करायची गरज त्याला वाटली नाही. त्याने चकचकीत उचलला, बॅगेत टाकला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला. बॅग पोटाशी इतकी आवळून तो बसला होता की नमाजहून परतलेल्या अकरमने विचारलं, काका, बरं वाटत नाही का.

पुढे दोन-चार दिवस काहीच झालं नाही. नजीरने शोधाशोध केली नाही, अकरम ओरडला नाही. इंद्रभान रोज येऊन बसत होता. न येणं संशयाचं दिसलं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग एका सकाळी नजीरने बॅटरी जोडली, देवाचं नाव घेतलं आणि स्टार्टर मारला. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि पेटलं. त्या आवाजाने पत्र्यावरची कबुतरं उडाली. इंद्रभानने बॅगेत हात घातला. सेन्सर तिथेच होता.

"काय, भाऊ," नजीर आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "कसा हाये आवाज?"

इंद्रभान त्या वाक्याचा विचार संध्याकाळपर्यंत करत होता. त्याला एकच अर्थ लागत होता. नजीरला कळलं आहे. कळल्यावर त्याने कापडावर उरलेला जुन्या इंजिनाचाच बसवला आणि आता तो वाट बघतो आहे. आपण कंडक्टरला असंच करायचो. आधी काही बोलायचं नाही. त्याला स्वतःच्या तोंडाने खोटं बोलू द्यायचं.

हरिओम गाडी न्यायला आला. गॅरेजात चारपाच माणसं जमली होती. राजकुमार जीपवालाही होता, ज्याच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट संध्याकाळी साऱ्या बाजारात असायची. गाडी पिवळीधमक उभी होती. हरिओमने तिच्याकडे पाहिलं आणि क्षणभर तो लहान पोरासारखा दिसला. नजीरने खिळ्यावरचं पोतं काढून त्याच्यासमोर ठेवलं.

दुसरा कुणी असता तर पोतं नुसतं हलवून चावी मागितली असती. हरिओमने पोतं ओतलं, उकिडवा बसला आणि मोबाइलमधला एकेक फोटो काढून एकेक पार्ट बाजूला सारायला लागला. जुन्या इंजिनाचे चांगले पार्ट त्याने पुण्यातल्या एकाला कबूल केले होते. राजकुमार कुणाला तरी म्हणाला, चेकरचंच पोरगं. इंद्रभानने बॅगेच्या तोंडावर हात ठेवला.

"चाचा, क्रँक सेन्सर कुठी हाये जुना?" हरिओमने विचारलं.

नजीर म्हणाला, पोत्यातच असेल. नव्हता. नजीरने अकरमकडे पाहिलं. अकरमला वाटलं होतं नजीरने पोत्यात टाकला आणि नजीरला वाटलं होतं अकरमने टाकला. दोघांनी बाकडं पाहिलं, बाकड्याखाली पाहिलं. इंद्रभानला तेव्हा कळलं. बॅगेतला तुकडा जुन्या इंजिनाचा होता. नवीन म्हणून आणलेलं इंजिन भंगारातलं, तेलकट, आणि जुनं म्हणून काढलेलं थोडंच पळालेलं, चकचकीत. नजीरला काही माहीत नव्हतं. तो आत्ता, या क्षणी, खरंच शोधत होता.

"एवढ्या वर्षांत आमच्याइथून नट गेला नाई कधी," अकरम म्हणाला. त्याचा आवाज चढायला लागला होता.

"मी तसं नाई म्हनत," हरिओम म्हणाला. "पन एक नग गेला, तं आतमधलं काय काय बदललं, हे मी कसं पाहू?"

 राजकुमार पुढे सरकला, नीट ऐकू यावं म्हणून. नजीर पोत्याशेजारी खाली बसला आणि सांडलेले तुकडे पुन्हा एकदा चाळायला लागला. चाळून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मी भरून देतो."

इंद्रभानने हे वाक्य नोकरीत किती कंडक्टरांकडून ऐकलं होतं. भरून देतो म्हणाला की तो मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारायचा. चोरी केली नसती तर भरून कशाला दिलं असतं? आता राजकुमारचा चेहरा तोच हिशोब करत होता. उद्या बाजारात, परवा जाफराबादला.

तो उठला. पोत्याजवळ आला. बॅग त्याने दोन्ही हातांनी धरली आणि उलटी केली.

चष्म्याचं घर पडलं. अडकित्ता पडला. गोळ्यांची पट्टी, रुमाल. रुमालातून क्लच निसटला. आणि शेवटी, आतल्या अस्तरात अडकलेला तो काळा तुकडा, बॅग झटकल्यावर.

"हा म्या घेतला," इंद्रभान म्हणाला. "जुम्म्याच्या दिवशी. हे नमाजले गेले तवा."

"काऊन बाबा?"

"गाडी सुरू नाई व्हावी म्हून."

नजीरने तुकडा उचलला, उजेडात धरला. "हा जुन्याचा व्हय, भाऊ."

"चमकत होता," इंद्रभान म्हणाला.

राजकुमार हसला आणि एकटाच हसतो आहोत हे कळल्यावर थांबला. हरिओम बापाकडे बघत होता. मग त्याचं लक्ष खाली गेलं आणि त्याने क्लच उचलला.

"हे तुमच्याजवळ कसं?"

"सीटखाली होतं. त्या बाईचं. गाडीत गेली तिचं."

"कोनी गेलं नाई, बाबा." हरिओमचा आवाज उतरला. "हे सुचिताचं हाये. यार्डात गाडी पाह्याले आली होती माह्यासंगं."

"कोन सुचिता?"

हरिओमने जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "सांगनारच होतो," तो म्हणाला.

नजीरने सारे तुकडे पुन्हा पोत्यात भरले, सेन्सर सगळ्यात वर ठेवला, तोंड सुतळीने बांधलं. मग खिशातून चावी काढून हरिओमच्या हातात दिली. हरिओम त्याला काही म्हणायला गेला, पण नजीर बॉनेटवरचा धुळीचा डाग पुसायला वळला होता.

घरी गीताबाईने आधी सुचिता कुठली, काय करते, हे विचारून घेतलं आणि मग नवऱ्याशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी निघताना हरिओम अंगणात थांबला.

"मले विचारलं असतं, बाबा."

"विचारलं होतं."

"तुमी विचारता तसं नाई."

इंद्रभानने गाडीचं दार उघडून धरलं. हरिओमने सीट मागे केली, पट्टा लावला. गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीने गेली, पुढे डांबरीवर काय झालं ते दिसलं नाही. संध्याकाळी पोचल्याचा फोन गीताबाईला आला. कोणत्या रस्त्याने गेला, हे इंद्रभानच्या ओठावर आलं होतं. त्याने विचारलं नाही, आणि न विचारल्याने त्याला झोपही आली नाही.

तो गॅरेजात गेला नाही. पुढच्या जुम्म्याला मात्र, दुपारच्या सुमाराला, पाय तिकडे वळले. नजीर आणि अकरम टोप्या घालून बाहेर आले. अकरमने शटर ओढलं. त्या शटरचा आवाज इंद्रभानने भरदुपारी कधी ऐकला नव्हता. नजीरने वाकून कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं, आणि दोघं मशिदीकडे गेले. रस्त्यापलीकडे उभ्या इंद्रभानला त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही.

तो रस्ता ओलांडून आला आणि बंद शटरसमोरच्या पायरीवर बसला. एक जीप थांबली. ड्रायव्हरने विचारलं, मिस्त्री कुठे. येतात आत्ता, इंद्रभान म्हणाला. जीप उभी राहिली.

नमाज आटोपून नजीर परतला तेव्हा तो तिथेच होता. नजीरने कुलूप काढलं, शटर वर ढकललं, आत गेला. थोड्या वेळाने निळी खुर्ची घेऊन बाहेर आला आणि ती शटरच्या रेषेबाहेर, पत्र्याच्या सावलीत ठेवली.

"बसा, भाऊ," तो म्हणाला. "च्या सांगतो."

इंद्रभान बसला. तिथून आतलं बाकडं दिसत नव्हतं.